पडकी बाजू

"अहो, हे बघा, भाऊजींनी काय सुंदर फोटो टाकलाय!" असं म्हणत बायकोने मोबाइल नाकासमोर धरला, तेव्हा फोटोवाले दाढी करत होते. अर्ध्या गालावर साबण, अर्धा गाल साफ.

फोटोत एक पिवळी भिंत होती. पिवळा रंग जागोजागी उडालेला, त्याच्या आतून हिरवा डोकावत होता आणि हिरव्याच्या आतून त्याच्याही आधीचा कुठला तरी निळा. भिंतीला एक सायकल टेकवलेली, आणि सायकलच्या सीटवर एक मांजर झोपलेलं. बस्स, एवढंच. माणसाचा पत्ता नाही.

"सायकलचं मागचं चाक कापलं गेलंय," फोटोवाले म्हणाले.

"तुम्हाला तेवढं चाक दिसलं! लोकांना बघा काय काय दिसलंय. 'काळजाला भिडलं' म्हणतायत."

"मांजर?"

"फोटो हो!"

त्या दिवशी फोटोवाल्यांना हनुवटीवर कापलं.

आता यात त्यांचं काय चुकलं, सांगा. गावात फोटोचा स्टुडिओ त्यांचा. निम्म्या गावाची लग्नं त्यांनी टिपलेली, शाळांचे वर्गच्या वर्ग बाकांवर बसवून डोळे उघडे ठेवायला लावलेले, आणि ज्याला म्हणून कुठे अर्ज करायचा असेल त्याचा चेहरा त्यांच्याच पडद्यासमोरून गेलेला. तीस वर्षांत त्यांचा एक फोटो बघून कोणी काळजाला हात लावला नव्हता. लोक फोटो हातात घेत, उलटसुलट करून बघत आणि म्हणत, "माझे कान एवढे मोठे आहेत का हो?"

आणि साडू? बायकोचे हे भाऊजी सगळा जन्म विमा कचेरीत शिक्के मारत बसलेले. निवृत्त झाल्यावर त्यांनी आधी गच्चीत कुंड्या लावल्या, त्या सुकल्या. मग पेटी शिकायला घेतली, तेव्हा शेजारी सुकले. शेवटी मुलीने एक चांगला मोबाइल आणून दिला आणि साडू सकाळी फिरायला जाताना दिसेल त्या मोडक्या दाराचा, पडक्या सज्जाचा, रस्त्याकडेच्या रिकाम्या बाकाचा फोटो काढू लागले. शिवाय प्रत्येक फोटोखाली एक ओळ. गंजलेल्या कुलपाखाली, 'किल्ली कुणाकडे?' बंद पडलेल्या टॉकीजच्या तिकीटखिडकीखाली, 'शेवटचा खेळ कधीच संपला.' नातेवाइकांच्या ग्रुपवर यावर हुंदके निघत.

फोटोवाल्यांनी एकदा त्याच ग्रुपवर एका नवरानवरीचा फोटो टाकला होता. प्रकाशयोजना अशी, की नवरीच्या नाकातल्या खड्यात ठिणगी दिसावी. त्यावर फक्त मेहुणीने, म्हणजे साडूंच्या बायकोने, अंगठा दाखवला होता. तोसुद्धा, फोटोवाल्यांना शंका होती, चुकून.

पोटातलं हे दुखणं एरवी पोटातच राहिलं असतं. पण एक दिवस साडू स्वतःच स्टुडिओत आले. चेहरा उजळलेला.

"साडूभाऊ, एक काम होतं. वाचनालयाचे चिटणीस म्हणतायत, माझ्या फोटोंचं प्रदर्शन भरवू. पुढच्या रविवारी. तर मोठ्या प्रती छापून हव्यात. म्हटलं, घरचा माणूस असताना बाहेर कशाला जा?"

फोटोवाल्यांनी हसायचा प्रयत्न केला. गिऱ्हाइकांना हसवण्यात त्यांची हयात गेली होती, पण स्वतः हसायची सवय नव्हती. "वा वा," ते म्हणाले. "अभिनंदन. ठेवा इथं."

रात्रीचं जेवण झाल्यावर बायकोने विचारलं, "भाऊजींचे फोटो नीट छापाल ना?" या 'नीट'मुळे त्यांना झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी छापताना त्यांच्या मनात एकदा येऊन गेलं, की ते मांजर जरा काळपट छापावं. भिंतीत मिसळून जाईल, कळणारही नाही. पण हाताला तीस वर्षांची खोड होती. हाताने ऐकलं नाही. उलट मांजराच्या मिशा इतक्या सुरेख उठल्या, की फोटोवाल्यांना स्वतःचाच राग आला.

संध्याकाळी ते वाचनालयात गेले. चिटणीस वर्तमानपत्रं लावत होते.

"प्रदर्शनाला दालन कुठलं देताय?"

"हेच. डावीकडची भिंत तुमच्या साडूंना."

"आणि उजवीकडची?"

"ती रिकामीच आहे."

"नाही म्हणजे, मीसुद्धा काही काढलेत," फोटोवाले म्हणाले. खरं तर त्यांनी एकही काढला नव्हता. "जुन्या इमारती, रस्त्यावरची दृश्यं. बऱ्याच वर्षांपासूनचा अभ्यास आहे. कधी कुणाला दाखवलं नाही इतकंच."

"मग आणा की! समोरासमोर छान दिसतील."

"फक्त साडूंना एवढ्यात सांगू नका. त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचाय."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

प्रदर्शनाच्या आधीच्या रविवारी दुपारी फोटोवाले जुन्या पेठेत उतरले. मोबाइल खिशात घालून फिरणं हे साडूंचं काम. आपण काम करायचं तर कामासारखं करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. म्हणून डोक्यावर टोपी, अंगात अनेक खिशांचं जाकीट, खांद्यावर लग्नातला मोठा कॅमेरा, काखेत तीन पायांचा स्टँड आणि हातात उजेड मोजायचं ते छोटं यंत्र. जुनी पेठ म्हणजे गावातला सगळ्यांत थकलेला रस्ता. एका बाजूला टेलरमास्तरांचं दुमजली दुकान, त्याला लागून सलून, त्यापलीकडे घड्याळवाला, आणि टोकाला ती बंद टॉकीज. कुठल्याच भिंतीला वर्षानुवर्षं ब्रश लागला नव्हता. साडूंनी पेठेतले फोटो काढले होतेच, पण ते आपले येता-जाता. फोटोवाले आता हीच पेठ अशी काढणार होते, की साडूंनी त्यांच्या समोरच्या भिंतीकडे बघून मोबाइल विकायला काढावा.

त्यांनी टेलरमास्तरांच्या दुकानासमोर स्टँड उभा केला. यंत्र भिंतीला लावून बघितलं. चार पावलं मागे गेले, एक पुढे आले, एक डोळा मिटला आणि मान हलवली. ऊन थेट डोक्यावर होतं. या उन्हात भिंत सपाट दिसत होती. हवं होतं सकाळचं, आडवं येणारं ऊन. साडू असते तर चटकन काढून मोकळे झाले असते. फोटोवाल्यांनी एकही फोटो काढला नाही. त्यांनी खिशातून खडू काढला आणि स्टँडचे पाय जिथे होते तिथे जमिनीवर तीन फुल्या मारल्या, म्हणजे पुन्हा येऊन बरोबर तीच जागा धरता यावी.

टेलरमास्तर गळ्यात टेप घालून दारात येऊन उभेच होते.

"काय फोटोवाले, आज इकडे कुठे?"

"काम आहे जरा."

"कसलं काम?"

फोटोवाल्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मास्तरांच्या तोंडात तीळ भिजत नाही हे गावाला ठाऊक होतं, आणि साडूंच्या विजारी याच दुकानात सैल होत असत. "ते आत्ता सांगता यायचं नाही," ते म्हणाले. "वेळ आली की सगळ्यांना कळेलच."

"अस्सं?"

"किती जुनी आहे हो इमारत?"

"आजोबांच्या वेळची. का?"

"वा! आणि ही भेग! वरपासून थेट खालपर्यंत!" फोटोवाल्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"ती वरवरची आहे," मास्तर घाईघाईने म्हणाले. "आत भिंत मजबूत आहे."

"छे छे, चांगली खोल आहे. झकास! असं करा मास्तर, मी बुधवारी उजाडल्या उजाडल्या येतो. त्या वेळी दुकानासमोर काही ठेवू नका. आणि आत कुणी असलं तर आधीच बाहेर काढा. मला रिकामी इमारत हवी."

मास्तरांनी गळ्यातला टेप दोन्ही हातांनी घट्ट धरला. फोटोवाले फुल्या मारत पुढे सरकले. सलूनसमोर तीन, घड्याळवाल्यासमोर तीन, टॉकीजसमोर जरा मोठ्या तीन.

ते वळणापलीकडे दिसेनासे होताच पेठेतली सगळी दुकानं सलूनमध्ये गोळा झाली.

"पाडणार," टेलरमास्तर म्हणाले. "माझ्या तोंडावर सांगून गेला. रिकामी करून ठेवा म्हणाला."

"पण तो तर फोटो काढतो," सलूनवाला म्हणाला.

"कुणासाठी काढतो? गेल्या वर्षी नगरपालिकेसाठी त्यानेच बसस्थानकामागच्या टपऱ्यांचे फोटो काढले होते की नाही? कुठायत आता त्या टपऱ्या?"

सगळ्यांनी एकदा बसस्थानकाच्या दिशेने पाहिलं. टपऱ्या खरोखरच राहिल्या नव्हत्या.

"भेग बघून हसत होता हो," मास्तर म्हणाले. "झकास म्हणाला."

घड्याळवाला कमी बोलणारा माणूस. डोळ्यावरचं भिंग न काढताच तो म्हणाला, "फोटो काढले का त्याने आज?"

"नाही. बुधवारी काढणार."

"मग झालं तर. पालिकेतला साहेब काही इथं येऊन भिंतीला हात लावत नाही. तो फोटो बघणार. फोटोत भिंत पडकी दिसली तर पाडणार. फोटोत नवी कोरी दिसली तर?"

सलूनमधल्या आरशांत सगळ्यांचे चेहरे एकदम उजळले.

इकडे फोटोवाल्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. सोमवारी ते केस कापायला सलूनमध्ये गेले, तर सलूनवाल्याने खुर्ची दोनदा झटकली आणि आधी आलेल्या गिऱ्हाइकाला उठवून त्यांना बसवलं. केस कापून झाल्यावर न सांगता डोक्याला मालिश सुरू केली. टेलरमास्तर चहा घेऊन आले. घड्याळवाल्याने त्यांच्या मनगटावरचं घड्याळ काढून घेतलं आणि पुसून, तेलपाणी करून परत बांधलं. फोटोवाल्यांचे डोळे मिटले. तीस वर्षांत हे सुख त्यांनी पाहिलं नव्हतं. एका नुसत्या पाहणीवर लोकांना कळलं, की खरा कलावंत कोण! साडूंना या सलूनमध्ये कुणी कधी पाणी तरी विचारलंय का?

"साहेब," सलूनवाला हळूच म्हणाला. कालपर्यंत तो त्यांना 'काय फोटोवाले' म्हणायचा. "आमच्याकडे जरा चांगल्या बाजूने बघा."

"चांगली बाजू?" फोटोवाले डोळे न उघडता म्हणाले. "मला तर तुमची पडकी बाजूच आवडली."

मालिश करणारे हात थांबले.

"ते दर्शनी प्लास्टर सुटलंय ना, त्याच्यासाठीच मी बुधवारी येतोय. चांगल्या बाजूत काय ठेवलंय?"

"काही दयामाया, साहेब?"

"दयामाया कशी दाखवायची? आहे तसं दाखवलं पाहिजे. तरच बघणाऱ्याच्या काळजाला भिडेल."

सलूनवाल्याने पैसे घेतले नाहीत. फोटोवाल्यांनीही फार आग्रह केला नाही. कलावंताने लोकांचं प्रेम नाकारू नये, असं त्यांना वाटलं. मंगळवारी ते दिवसभर शेजारच्या गावातल्या शाळेत वर्ग बाकांवर बसवत होते. परत येताना एसटीतून उतरून थेट घरी गेले, बायकोला म्हणाले, "उद्या लवकर उठव. आणि रविवारी वाचनालयात जरा बरी साडी नेस."

"भाऊजींच्या प्रदर्शनाला नेसणारच होते."

"उजवीकडची भिंतसुद्धा बघायला विसरू नकोस," फोटोवाले गूढपणे म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

बुधवारी उजेड अगदी हवा तसा होता. आडवा, कोवळा, भिंतीच्या एकेका पापुद्र्यामागे सावली पाडणारा. फोटोवाले काखेत स्टँड मारून वळणावर आले आणि थांबले. आधी त्यांना वाटलं, आपण चुकीच्या रस्त्याला वळलो. मग ताज्या रंगाचा वास आला.

टेलरमास्तरांचं दुकान पोपटी झालं होतं. भेग बुजली होती. सलून गुलाबी. घड्याळवाल्याने आकाशी रंग देऊन त्यावर पांढरे ढगही काढले होते. टॉकीजच्या मालकाला तर कोणी काय सांगितलं कोण जाणे. तिचा दर्शनी भाग नारिंगी झाला होता आणि शिडीवर चढलेला रंगारी तिकीटखिडकीच्या गजांना चंदेरी रंग देत होता. कालच्या बाजारबंदच्या दिवशी अख्खी पेठ ब्रश घेऊन राबली होती. दारादारांत माणसं धुतलेले कपडे घालून उभी होती. फुल्या मात्र कुणी पुसल्या नव्हत्या. त्यांच्याभोवती जागा झाडून ठेवली होती.

"या साहेब!" टेलरमास्तर पुढे आले. त्यांच्या कानावर पोपटी थेंब होता. "काढा आता फोटो! कुठून काढायचा तिथून काढा!"

फोटोवाल्यांच्या काखेतून स्टँड घसरला.

"हे... हे काय केलंत?"

"नवी केली! बघा, भेग शोधून दाखवा!"

"अहो, पण मला ती भेगच हवी होती!" फोटोवाले जवळजवळ ओरडले. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला? गुलाबी! गुलाबी कुणी लावतं का?" आणि ते तिथेच, टेलरमास्तरांच्या ओल्या पायरीवर बसले. उठले तेव्हा पँट मागून पोपटी झाली होती.

पेठेने त्याचा अर्थ एकच लावला. साहेब हताश झाले, म्हणजे इमारती वाचल्या. फोटोवाले वळणावरून दिसेनासे झाल्यावर मागून टाळ्या ऐकू आल्या.

रविवारी वाचनालयात मुंगीला शिरायला जागा नव्हती. फोटोवाल्यांनी असं काही होईल याची कल्पनाही केली नव्हती. एरवी रोज दिसणाऱ्या भिंती बघायला कोण कुठे जातं? पण आता त्या भिंती उरल्याच नव्हत्या. अख्खी पेठ सहकुटुंब आली होती, आपलं दुकान मागच्या आठवड्यापर्यंत कसं होतं ते बघायला. लोक गर्दी करून बोटं दाखवत होते. टेलरमास्तरांची आई पिवळ्या भिंतीच्या फोटोसमोर उभी राहून डोळे पुसत होती. "हा खालचा निळा," ती सांगत होती, "माझ्या लग्नात लावलेला."

"इतकी देखणी होती होय आपली भिंत!" मास्तर स्वतःशीच म्हणाले.

साडू मधोमध उभे. अंगात नवा सदरा. "मी तर घाबरलो होतो, म्हटलं येईल कोण," ते भेटेल त्याला सांगत होते. "आणि बघा ना, नेमकी याच आठवड्यात सगळ्यांना रंग द्यायची बुद्धी झाली! योगायोग म्हणतात तो हाच. सगळ्या जुन्या पेठेची आठवण आता फक्त या भिंतीवर!"

फोटोवाले कोपऱ्यात उभे राहून आपणच छापलेल्या मांजराच्या मिशांकडे बघत होते. असं जळणं त्यांना ठाऊक नव्हतं. हे वरवरचं नव्हतं. चांगलं खोल होतं. साडूंना खाली ओढायला गेलो आणि आपल्याच हातांनी त्यांच्या पायाखाली चौरंग सरकवला! आणि समोरची, उजवीकडची भिंत? तिच्यावर चिटणिसांनी आधीच खिळे ठोकून ठेवले होते. नुसते खिळे. एका बाईंनी त्यांतल्या एकाला पर्स अडकवली होती.

"तुम्ही म्हणाला होतात, उजवीकडची भिंत बघ," बायको जवळ येऊन म्हणाली. "काय बघायचं?"

फोटोवाले काही सुचून बोलणार, तोच टेलरमास्तर गर्दीतून वाट काढत आले. मागे सलूनवाला, त्याच्या मागे घड्याळवाला.

"फोटोवाले," मास्तर म्हणाले. 'साहेब' गेलं होतं. "मी शुक्रवारी पालिकेत जाऊन आलो. म्हटलं, आता इमारती चांगल्या झाल्यात, यादीतून नावं काढा. तर ते म्हणाले, कसली यादी? पाडापाडीचं काही ठरलेलंच नाही. मग तुम्ही फुल्या कसल्या मारत होता?"

दालनातला गलका कमी झाला. लोक साडूंच्या भिंतीकडून वळून फोटोवाल्यांकडे बघू लागले.

"स्टँडच्या," फोटोवाले पुटपुटले. "स्टँडच्या पायांच्या."

"आणि रिकामी करा म्हणालात ते?"

"फोटोत माणसं नको होती."

"पालिकेला माणसं नको होती?"

"पालिका कुठली?" चिटणीस मध्येच म्हणाले. माणूस सरळ होता. सरळ माणसांइतकं घातकी कुणी नसतं. "अहो, यांना त्यांचे फोटो इथंच लावायचे होते. ही साडूंच्या समोरची भिंत त्यांनी स्वतः मागून घेतलीय. साडूंना सांगू नका म्हणाले, धक्का द्यायचाय."

फोटोवाल्यांनी जमिनीकडे पाहिलं. फरशीला एकही भेग नव्हती, नाहीतर ते तिच्यात शिरले असते. बायको त्यांच्याकडे बघत होती, साडू बघत होते, मेहुणी बघत होती, आणि पोपटी, गुलाबी, आकाशी झालेली सगळी पेठ बघत होती.

"म्हणजे या साडू-साडूंच्या चढाओढीत," टेलरमास्तर हळूहळू, एकेक शब्द मोजून म्हणाले, "आम्ही आमच्या इमारती रंगवल्या?"

आता काय होणार ते कुणाला कळेना. सलूनवाल्याने बाह्या सरसावल्यासुद्धा. तेवढ्यात मास्तरांची बायको पुढे आली.

"रंगवल्या तर काय बिघडलं हो?" ती नवऱ्याला म्हणाली. "मी या घरात आल्यापासून भिंत रंगवा, भिंत रंगवा म्हणून कानीकपाळी ओरडतेय. माझं ऐकलं कधी? यांनी खडूच्या तीन फुल्या काय मारल्या, तुम्ही शिडीवर!" मग फोटोवाल्यांकडे वळून तिने हात जोडले. "भाऊ, तुमचे फार उपकार झाले. आमच्या मोरीसमोरसुद्धा एक फुली मारून जा."

आधी एक बाई हसली, मग सलूनवाल्याची बायको, मग हसू पसरत गेलं. सलूनवाल्याने सरसावलेल्या बाह्या तशाच खाली केल्या. "फोटोवाले," तो जरा ओशाळून म्हणाला, "ते जाऊ द्या. पण आता एवढा गुलाबी लावलाच आहे, तर आमचा सगळ्यांचा त्याच्यासमोर एक फोटो काढा ना. आई आहे, पोरं आहेत. सगळे आज धुतलेल्या कपड्यांत आहेत."

"मग आमचाही," मास्तर म्हणाले. राग पुरता गेला नव्हता, पण सलूनचा फोटो निघतोय आणि आपला नाही, हे त्यांना सोसवेना.

"आमचा ढगांसकट," घड्याळवाला म्हणाला.

बघता बघता दालन रिकामं झालं. पेठ पुढे आणि फोटोवाले मागे. स्टुडिओतून कॅमेरा आला. दुपार कलली होती, ऊन पुन्हा आडवं झालं होतं. फोटोवाल्यांनी मास्तरांच्या आईला पायरीवर मधोमध बसवलं, सुनेला तिच्या मागे, मास्तरांना टेपासकट बाजूला. "मान जरा डावीकडे. मास्तर, श्वास सोडा, पाडायला आलो नाही." सगळे खदखदून हसले, आणि तेवढ्यात त्यांनी बटण दाबलं. मग सलून, मग ढग. पलीकडच्या गल्लीतली माणसंही रांगेत येऊन उभी राहिली. त्यांच्या भिंतींना रंग नव्हता, म्हणून त्यांनी पेठेतल्याच भिंती उसन्या घेतल्या.

शेवटचं कुटुंब आटोपलं तेव्हा फोटोवाल्यांच्या लक्षात आलं, की स्टँड कुणीतरी धरून ठेवलाय. साडू होते.

"प्रदर्शन?" फोटोवाल्यांनी विचारलं.

"चिटणीस आणि मी, दोघेच उरलो होतो. मग तेही फोटो काढून घ्यायला इकडे आले."

दोघे स्टुडिओकडे चालू लागले. फोटोवाले माफी कशी मागावी याची जुळवाजुळव करत होते, पण साडूच आधी बोलले.

"एक सांगू साडूभाऊ? मला तुमचा फार हेवा वाटतो."

फोटोवाले थांबले. "माझा?"

"मी इतके महिने त्या पेठेत फिरतोय. एकाने चहा विचारला नाही. तुम्ही एकही फोटो न काढता अख्खी पेठ रंगवलीत!" साडूंनी सुस्कारा सोडला. "आणि मी भिंती का काढतो, ठाऊक आहे? मी मोबाइल समोर धरला, की माणूस ताठ होतो. कोणी हसत नाही माझ्याकडे बघून. मांजरसुद्धा झोपलेलं होतं म्हणून जमलं. वर घरी रोज ऐकून घ्यावं लागतं. 'धाकटीच्या नवऱ्याचे फोटो बघा, माणसं कशी जिवंत वाटतात. तुम्ही आपले पोपडे काढत बसा.' त्या नवरीच्या नाकातल्या खड्याचं तर तिने मला पुरं वर्षभर ऐकवलंय."

"ताई असं म्हणतात?" फोटोवाल्यांचा आवाज चिरकला.

"रोज."

"आमच्याकडे उलटं आहे. आमच्याकडे सकाळ तुमच्या दारांनी सुरू होते नि रात्र तुमच्या कुलपांनी संपते."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. भर रस्त्यात दोन पोक्त माणसं पोट धरून हसू लागली. मग फोटोवाल्यांना एक युक्ती सुचली.

"साडूभाऊ, तुम्ही आत्ता जे बोललात ना, ते एकदा आमच्या घरी येऊन बोलाल? हिच्यासमोर?"

"बोलतो की! आणि तुम्ही आमच्याकडे येऊन माझ्या भिंतींविषयी बोला. हिच्यासमोर."

ठरल्याप्रमाणे साडू दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी आले. चहा झाला. साडूंनी घसा साफ केला आणि म्हणाले, "यांच्यासारखा फोटो मला सात जन्मांत जमायचा नाही. खरा कलावंत तुमचा नवरा. मी आपला हौशी माणूस."

फोटोवाले छाती थोडी पुढे काढून बायकोकडे बघू लागले. बायकोचे डोळे पाणावले.

"ऐकलंत?" ती नवऱ्याला म्हणाली. "एवढं नाव झालं, सगळं गाव लोटलं, तरी गर्व म्हणून नाही! उलट दुसऱ्याला मोठेपणा देतायत. भाऊजी, तुमचं मन फार मोठं आहे हो. नाहीतर आमच्याकडे, फुल्या मारत फिरतात!"

फोटोवाल्यांनी साडूंकडे पाहिलं. साडू छताकडे बघत होते, पण त्यांच्या ओठांचे कोपरे वर गेले होते.

मंगळवारी फोटोवाले साडूंकडे गेले आणि ठरलेलं बोलले. भिंत, सायकल, मांजर, सगळ्याची मनापासून स्तुती केली. कापल्या गेलेल्या चाकाचा उल्लेखसुद्धा केला नाही. मेहुणीने हातातलं काम बाजूला ठेवून ऐकलं आणि मग नवऱ्याकडे वळली.

"बघा! स्वतः एवढे कसलेले, पण कौतुक करताना हात आखडला का त्यांनी? शिका जरा! भावोजी, तुम्ही जेवूनच जायचं."

निरोप घेताना साडू दारापर्यंत आले.

"काही उपयोग झाला नाही," ते हळूच म्हणाले.

"नाहीच झाला," फोटोवाले म्हणाले, आणि जिना उतरताना त्यांना जाणवलं, की आपण शीळ घालतोय. मग त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला, की इथे पुन्हा कधी यायला बरं दिसेल. गुरुवार फार लवकर होईल का?

गुरुवारी साडूच त्यांच्याकडे आले. काहीही काम नव्हतं, सहजच.

तेव्हापासून दोघे एकमेकांच्या घरी दिवसाआड असतात. एकजण येतो, यजमानाची तोंडभरून स्तुती करतो, स्वतःच्या मोठ्या मनाचं कौतुक कानभरून ऐकतो आणि तृप्त होऊन घरी जातो. दोघी बहिणी फोनवर एकमेकींना सांगतात, "काय बाई मेतकूट जमलंय दोघांचं! जळणं-बिळणं नाहीच मुळी."